नव्या मधमाशी वसाहतीचे स्थिरीकरण

नव्या मधमाशी वसाहतीचे स्थिरीकरण म्हणजे मधपेटीत नव्याने आणून ठेवलेल्या मधमाश्यांनी ती पेटी आपले घर म्हणून स्वीकारावी, तेथे पोळी बांधावीत, राणीने अंडी घालावीत आणि वसाहत वाढीला लागावी, यासाठी मधपाळ करीत असलेली व्यवस्था होय. हा काळ सामान्यतः वसाहत पेटीत भरल्यापासून पहिली नवी कामकरी माशी जन्माला येईपर्यंतचा, म्हणजे सुमारे तीन आठवड्यांचा मानता येतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः *एपिस सेराना इंडिका* या भारतीय मधमाशीचा विचार केला आहे. महाराष्ट्रात तिला *सातेरी* म्हणतात. परिस्थिती प्रतिकूल वाटल्यास संपूर्ण वसाहतीसह पेटी सोडून जाण्याची या माशीची प्रवृत्ती प्रबळ असल्यामुळे तिच्या बाबतीत स्थिरीकरणाला विशेष महत्त्व आहे.

## संज्ञा

मधमाश्या पेटीतून निघून जातात तेव्हा त्यामागे दोन वेगवेगळ्या प्रक्रिया असू शकतात. त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

* थवा वेगळा होणे : भरभराटीच्या काळात वसाहत दुभंगते. जुनी राणी काही कामकरी माश्यांसह बाहेर पडते, तर मूळ पोळ्यावर नवी राणी व उरलेल्या माश्या राहतात. हे वसाहतीचे पुनरुत्पादन आहे. मूळ पेटी रिकामी होत नाही.
* वसाहत पळून जाणे : राणीसह सर्व माश्या जागा सोडतात व मागे रिकामी पोळी राहतात. याचे पुन्हा दोन प्रकार आढळतात. अन्नटंचाईमुळे होणारे स्थलांतर पूर्वतयारीने होते. राणी अंडी घालणे थांबवते, असलेला पिलावा बाहेर पडेपर्यंत माश्या थांबतात, साठवलेला मध पोटात भरून घेतात आणि मग उडतात. मुंग्यांचा हल्ला, तीव्र ऊन, वारंवार हाताळणी अशा उपद्रवामुळे होणारे पलायन मात्र अचानक होते. त्यात पिलावा व मध मागे टाकूनही माश्या निघून जातात.

स्थिरीकरणाचा संबंध मुख्यतः दुसऱ्या प्रक्रियेशी आहे. अंडी, अळ्या आणि कोश यांना एकत्रितपणे *पिलावा* म्हणतात.

## पार्श्वभूमी

सह्याद्रीत व कोकणात सातेरीची मोहोळे झाडांच्या ढोलीत, वारुळात, खडकांच्या कपारीत व जुन्या भिंतींत आढळतात. पूर्वी मध काढताना पोळे पिळून मोहोळ नष्ट करण्याची रीत सर्वत्र होती. मधमाश्या न मारता मध काढणे चल चौकटींच्या पेटीमुळे शक्य झाले. अमेरिकेतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये असे ओळखले, की पेटीच्या भागांमध्ये सुमारे ६ ते ९ मिलिमीटर फट ठेवल्यास माश्या ती मेणाने बुजवत नाहीत व ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. या तत्त्वावर चौकटी बाहेर काढून पुन्हा जागेवर ठेवता येतील अशी पेटी त्यांनी तयार केली.

भारतात रेव्हरंड न्यूटन यांनी दक्षिण भारतात सातेरीच्या लहान आकाराला साजेशी पेटी तयार करून १९११ ते १९१७ या काळात ग्रामस्थांना तिचे प्रशिक्षण दिले. ही पेटी ‘न्यूटन पेटी’ या नावाने परिचित आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मध्ये पुणे येथे स्थापन झाली. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वर येथे आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले.

*एपिस मेलिफेरा* ही युरोपीय मधमाशी १९६२ नंतर नगरोटा बगवाँ (सध्याचे हिमाचल प्रदेश राज्य) येथे अ. सि. अटवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वीपणे रुजवली. ती सातेरीच्या तुलनेने पेटी सोडून फारशी जात नाही. तरीही पिलाव्याशिवाय भरलेली मेलिफेरा वसाहतही पहिल्या काही दिवसांत उठून जाऊ शकते.

## जीवशास्त्रीय आधार

### पिलाव्याचे आकर्षण

माश्यांना जागेशी बांधून ठेवणारी सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे उघड्या घरांतील पिलावा, म्हणजेच अंडी व वाढत्या अळ्या. अळ्यांच्या शरीरातून स्रवणारी रसायने कामकरी माश्यांना संगोपनाच्या व पराग गोळा करण्याच्या कामाला प्रवृत्त करतात. पिलाव्याचे तापमान ३४ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास राखावे लागत असल्याने मोठ्या संख्येने माश्या पोळ्यावर बसून राहतात. ज्या पेटीत मध आहे पण पिलावा नाही, ती पेटी माश्या सहज सोडू शकतात.

### मेणाचा खर्च

मेण हे कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूस असणाऱ्या ग्रंथींच्या चार जोड्यांतून स्रवते. या ग्रंथी मुख्यतः सुमारे १२ ते १८ दिवस वयाच्या माश्यांत कार्यक्षम असतात. मेण तयार करण्यासाठी त्याच्या वजनाच्या कित्येक पट मध खर्ची पडतो. त्यामुळे रिकाम्या पेटीत आलेल्या वसाहतीला सुरुवातीलाच मोठा खर्च करावा लागतो. बांधलेले पोळे किंवा मेणपत्रा दिल्यास हा भार हलका होतो.

### लोकसंख्येची घट

सातेरीच्या कामकरी माशीला अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. नव्या पेटीत राणीने पहिल्याच दिवशी अंडी घातली तरी तीन आठवडे एकही नवी माशी जन्माला येत नाही. या काळात जुन्या माश्या मात्र मरत राहतात. त्यामुळे पिलाव्याशिवाय भरलेली निरोगी वसाहतही प्रथम लहान होते व मगच वाढते. ही घट म्हणजे अपयश समजून पेटी वारंवार उघडली जाते व त्याचाच उपद्रव होऊन माश्या निघून जातात.

### स्थळस्मरण

चरायला जाणारी माशी पेटीची जागा आसपासच्या खुणांवरून लक्षात ठेवते. नव्या जागी आल्यावर माश्या पेटीकडे तोंड करून दाराशी घिरट्या घालतात. या परिचयाच्या उड्डाणांत त्या जागा नव्याने शिकतात. दाराशी पोटाचे टोक उंचावून पंख फडफडवणाऱ्या माश्या नासोनोव्ह ग्रंथीचा गंध पसरवून मागे राहिलेल्या माश्यांना वाट दाखवतात.

## वसाहत मिळवण्याचे मार्ग

१. विभाजन : मधपाळाकडील सशक्त वसाहतीतून पिलावा, मध व माश्या असलेल्या काही चौकटी वेगळ्या करून नवी वसाहत करतात. पिलावा सोबत असल्याने ही पद्धत सर्वांत सुरक्षित आहे.

२. थवा पकडणे : फांदीवर लोंबकळणारा थवा पिशवीत किंवा टोपलीत घेऊन पेटीत सोडतात. थव्याजवळ पोळे वा पिलावा नसतो. मात्र तो घराच्या शोधातच असल्याने योग्य पेटी लवकर स्वीकारतो.

३. नैसर्गिक मोहोळ पेटीत भरणे : ढोलीतील वा भिंतीतील मोहोळ उघडून पोळी कापतात व पेटीच्या चौकटींना बांधतात. माश्यांना सर्वाधिक धक्का या पद्धतीत बसतो व पलायनाचा धोकाही यातच अधिक असतो.

४. पिंजऱ्यातील माश्या : उत्तर अमेरिकेत मेलिफेराच्या माश्या वजनावर, साधारण तीन पौंडांच्या जाळीदार खोक्यात, वेगळ्या पिंजऱ्यातील राणीसह विकल्या जातात. राणीच्या पिंजऱ्याचे तोंड साखरेच्या घट्ट लगद्याने बंद केलेले असते. तो खाऊन संपेपर्यंत माश्यांना राणीचा गंध परिचित होतो. सातेरीच्या पालनात ही पद्धत रूढ नाही.

## पेटी व जागा

सातेरीची घरे मेलिफेरापेक्षा लहान असतात व तिच्या पोळ्यांमधील अंतरही कमी असते. त्यामुळे मेलिफेराच्या चौकटी व मेणपत्रे तिला मानवत नाहीत. सातेरी राळेसारखा डिंक गोळा करीत नाही, त्यामुळे पेटीच्या भेगा ती मेलिफेराप्रमाणे बुजवू शकत नाही. सांधे घट्ट नसलेली पेटी तिला वाऱ्यापासून, मुंग्यांपासून व मेणकिड्यापासून संरक्षण देत नाही.

नव्या लाकडाचा व रंगाचा उग्र वास माश्यांना नकोसा वाटतो. म्हणून पेटी काही दिवस उघड्यावर ठेवतात, रंग फक्त बाहेरून देतात आणि आतील बाजूस मेण चोळतात. पूर्वी निरोगी वसाहत राहिलेली पेटी माश्या अधिक पसंत करतात. रोगाने मेलेल्या वसाहतीची पेटी किंवा पोळी मात्र वापरू नयेत.

पेटीसाठी सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळणारी, वाऱ्यापासून आडोसा असलेली, पाणी न साचणारी जागा निवडतात. जवळपास स्वच्छ वाहते किंवा झिरपते पाणी असावे. पेटी तिवईवर ठेवून तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवतात, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. गवताचे पाते किंवा फांदी पेटीला टेकली तर तिच्यावरून मुंग्यांना वाट मिळते. गुरांचा वावर, विटाची भट्टी, रात्रीचे प्रखर दिवे व कीटकनाशकांची फवारणी होणारी शेते यांपासून पेटी दूर ठेवतात.

## वसाहत पेटीत भरण्याची पद्धत

हे काम संध्याकाळी करतात. अंधार पडत आल्यावर माश्या उडून जात नाहीत आणि रात्रभरात त्या पोळ्यांवर स्थिरावतात.

नैसर्गिक मोहोळ भरताना धूर बेताचा दिला जातो, कारण जास्त धुराने सातेरी बिथरते. पोळी एकेक करून कापतात. पिलाव्याची पोळी चौकटीच्या मापाने कापून केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने चौकटीला बांधतात. पोळे ढोलीत ज्या दिशेने लटकत होते त्याच दिशेने, वरची बाजू वर ठेवून बांधले जाते. घरे किंचित वरच्या बाजूला कललेली असल्याने पोळे उलटे बांधल्यास त्यांचा उपयोग राहत नाही. मधाने जड झालेली पोळी बांधत नाहीत. ती तुटून पडली तर मध सांडतो व त्यावर मुंग्या आणि दुसऱ्या वसाहतींच्या माश्या तुटून पडतात.

माश्यांचा घोळका हाताने वा मऊ पिसाने हळूच पेटीत सोडतात. राणी पेटीत आली की उरलेल्या माश्या तिच्या गंधामागे आत शिरतात. म्हणून राणी सापडणे व तिला इजा न होणे हा या कामाचा कळीचा भाग आहे. पोळ्यांनी व्यापलेल्या जागेइतकीच पेटी मोकळी ठेवून उरलेला भाग आडव्या फळीने वेगळा करतात. लहान वसाहतीला मोठी पोकळी उबदार राखता येत नाही. दारही दोन-तीन माश्या एका वेळी जातील इतके अरुंद ठेवतात, जेणेकरून पहारा सोपा होतो.

शक्य असल्यास दुसऱ्या निरोगी वसाहतीतील उघड्या पिलाव्याची एक चौकट, तिच्यावरील माश्या झटकून, नव्या पेटीच्या मध्यभागी देतात. थवा स्थिरावण्यासाठी हा सर्वांत खात्रीचा उपाय समजला जातो.

पेटी हलवायची असल्यास ती दररोज हातभर सरकवतात, किंवा एकदम माश्यांच्या चराईच्या कक्षेबाहेर, दोन-तीन किलोमीटरपेक्षा दूर नेतात. मधल्या अंतरावर नेल्यास चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागीच परततात. नव्या जागी दारासमोर पानांची डहाळी आडवी ठेवली तर बाहेर पडणारी माशी थबकते व जागेची ओळख नव्याने करून घेते.

## पहिले तीन आठवडे

| काळ | अपेक्षित घडामोड | मधपाळाचे काम |
|---|---|---|
| १ ते ३ दिवस | परिचयाची उड्डाणे, पोळ्यांची डागडुजी | पेटी न उघडणे, बाहेरून निरीक्षण, संध्याकाळी पाक |
| ४ ते ७ दिवस | पोळी चौकटीला चिकटणे, राणीने अंडी घालणे | एकदाच, थोडक्यात तपासणी. सुटे झालेले दोरे काढणे |
| ८ ते १४ दिवस | अळ्यांचे संगोपन, बंद घरे दिसू लागणे | तळपाट स्वच्छ करणे, गरजेनुसार चौकट वाढवणे |
| १५ ते २१ दिवस | माश्यांची संख्या सर्वांत कमी, नंतर नव्या माश्यांचा जन्म | पाक चालू ठेवणे, जागा एकदम न वाढवणे |

तपासणीत राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घराच्या तळाशी उभे, एकेकटे अंडे दिसले तर राणी तीन दिवसांच्या आत तेथे होती हे सिद्ध होते. दिसलेल्या अंड्यावर समाधान मानून चौकट परत ठेवणे इष्ट असते.

### राणीरोधक जाळी

दाराला अशी जाळी लावता येते की जिच्यातून कामकरी माश्या ये-जा करतील पण आकाराने मोठी असलेली राणी बाहेर पडू शकणार नाही. राणी आत राहिल्याने बाहेर पडलेल्या माश्याही परत येतात. या जाळीच्या तीन मर्यादा आहेत. नर माश्या आत अडकतात, परागाच्या गोळ्या दाराशी गळतात आणि कुमारी राणीला मीलनासाठी बाहेर जाता येत नाही. म्हणून राणी अंडी घालणारी आहे याची खात्री असतानाच ती लावतात व काही दिवसांत, पिलावा दिसू लागताच, काढून टाकतात. पेटीत मुंग्या शिरल्या असतील किंवा अन्न संपले असेल, तर जाळी वसाहत वाचवत नाही. ती केवळ तिला संकटात कोंडून ठेवते.

### अन्न

समान वजनाची साखर व पाणी यांचा पाक उकळून, थंड करून, पेटीच्या आतच देतात. भांड्यात काड्या किंवा गवत टाकतात, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक संध्याकाळी व रात्रीत संपेल इतकाच द्यावा. दिवसा दिलेल्या किंवा सांडलेल्या पाकामुळे लूटमार सुरू होते व दुबळी वसाहत त्यात नष्ट होते. गूळ, काकवी किंवा करपलेली साखर यांमुळे माश्यांना हगवण लागते, म्हणून ती देत नाहीत. विक्रीसाठी मध साठवला जात असताना पाक देणे थांबवतात, अन्यथा तो मधात मिसळतो.

## शत्रू व रोग

* मुंग्या : डोंगळे तसेच झाडांवरच्या लाल मुंग्या एका रात्रीत वसाहत पळवून लावू शकतात.
* मेणकिडा : पतंगाच्या अळ्या पोळी पोखरून जाळे विणतात. सातेरी जुनी पोळी कुरतडून तो भुगा तळपाटावर टाकते व त्यात मेणकिडा वाढतो. म्हणून तळपाट नियमितपणे साफ करणे हा सर्वांत सोपा प्रतिबंध आहे. माश्यांनी न व्यापलेली पोळी पेटीत ठेवत नाहीत.
* गांधीलमाश्या व पक्षी : गांधीलमाश्या दाराशी माश्या पकडतात. वेडा राघू व कोतवाल हे पक्षी उडत्या माश्या टिपतात. कुमारी राणी मीलनाच्या उड्डाणात अशा पक्ष्यांना बळी पडू शकते.
* सॅकब्रूड : या विषाणुजन्य रोगात अळी पिशवीसारखी फुगून मरते. १९९१–९२ च्या सुमारास या रोगाच्या साथीने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट झाल्या. त्यामुळे दुसऱ्या वसाहतीतून पिलाव्याची चौकट देताना ती निरोगी असल्याची खात्री करणे अनिवार्य आहे.

## लक्षणे

स्थिरावल्याची लक्षणे : माश्या पायांवर परागाच्या गोळ्या घेऊन सातत्याने परततात. नवे पांढरे मेण दिसते. पिलावा सलग, मध्यभागापासून बाहेर पसरलेला असतो. दाराशी पहारेकरी माश्या असतात. माश्या मृत अळ्या व कचरा बाहेर टाकतात.

बिनसल्याची लक्षणे : पराग आणणे मंदावते. अंडी व लहान अळ्या दिसत नाहीत. साठवलेला मध झपाट्याने कमी होतो. माश्या पोळी सोडून पेटीच्या भिंतीवर किंवा दाराबाहेर घोळका करून बसतात. ही चिन्हे दिसताच कारण शोधून ते दूर करणे व उघड्या पिलाव्याची चौकट देणे हा उपाय आहे.

राणी नसल्याची लक्षणे : एका घरात अनेक अंडी, ती घराच्या भिंतीवर चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या घरांत नरांचा उंचवट्याचा पिलावा दिसल्यास कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत असे समजावे. सातेरीत ही अवस्था मेलिफेरापेक्षा लवकर येते. अशी वसाहत नवी राणी सहसा स्वीकारत नाही. ती सशक्त वसाहतीत विलीन करणे श्रेयस्कर ठरते.

## ऋतुमान

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळा हा टंचाईचा काळ असतो. सततच्या पावसात माश्या चरायला जाऊ शकत नाहीत. पाऊस ओसरल्यावर येणारा रानफुलांचा बहर आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीचा जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा हे वाढीचे काळ होत. महाबळेश्वर परिसरात काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलणाऱ्या व्हायटीचा व कारवीचा हंगाम विशेष मानला जातो. फुलोरा सुरू होताना भरलेल्या वसाहतीला पोळी बांधण्यास व साठा करण्यास अवधी मिळतो. ऐन पावसाच्या तोंडावर भरलेली वसाहत मात्र पाकावरच जगवावी लागते. त्यामुळे भरण्याची वेळ हा स्थिरीकरणाचा पहिला निर्णय ठरतो.

## महत्त्व व मर्यादा

पेटी सोडून गेलेली वसाहत ही अल्पभूधारक मधपाळाची हंगामाची मिळकत असते. परंतु हानी तेवढ्यापुरती मर्यादित नाही. रिकामी पेटी भरण्यासाठी पुन्हा जंगलातील मोहोळ शोधले जाते व दरवेळी ढोली फोडावी लागते. एकदा फोडलेली ढोली मोहोळासाठी पुन्हा उपयोगी पडेलच असे नाही. भरलेल्या वसाहती टिकल्या नाहीत, तर मधमाशीपालन जंगलातील मोहोळांना आधार देण्याऐवजी ती कमी करीत जाते. त्यामुळे नव्या वसाहती जंगलातून न आणता पेटीतील सशक्त वसाहतींच्या विभाजनातून तयार करणे हा अधिक टिकाऊ मार्ग मानला जातो. विभाजन करता येण्याजोगी वसाहत हाती येते ती आधीची स्थिरावली असेल तरच.

सातेरीला पेटीत कोंडून कायमचे ठेवता येत नाही. दार तिच्यासाठी दररोज उघडे असते. जाळी, पाक व पिलाव्याची चौकट हे उपाय तिला थांबण्यासाठी काही दिवसांचा अवधी मिळवून देतात. सावली, कोरडी पेटी, मुंग्यांपासून संरक्षण, जवळचा फुलोरा आणि कमीत कमी हाताळणी यांवरच तिचे राहणे अवलंबून असते.

मधमाश्यांचा दंश काही व्यक्तींना तीव्र ॲलर्जीमुळे प्राणघातक ठरू शकतो. नवशिक्यांनी जाळीचा बुरखा व हातमोजे वापरून, अनुभवी मधपाळाच्या देखरेखीखालीच वसाहत भरणे सुरक्षित असते.